टेबलावरची थाप

कार्लाइलच्या बिस्किट कारखान्यातल्या ग्लेनिसला जन्मापासून ऐकू येत नसे. टेबलावर हात आपटून सुपरवायझरला धमकावलं, अशा तक्रारीवरून तिची चौकशी लागली होती. तिच्या सोयीसाठी खुणांची भाषा येणारी दुभाषी बोलावली होती, आणि एका वेळी एकानेच बोलायचं असंही ठरलं होतं. पण हातातला चहा संपायच्या आत सगळे एकदमच बोलू लागले. दुभाषीने तरी कुणाकुणाचं सांगायचं? शेवटी ग्लेनिसने टेबलावर थाप मारली. सगळे गप्प होऊन तिच्याकडे वळले.

"बघितलंत? हीच ती दादागिरी!" सुपरवायझर क्लाइव्ह उसळला.

ग्लेनिसचे हात हलले आणि दुभाषी बोलू लागली, "ही आमची हाक आहे. टेबल हादरलं की माणूस वळून बघतो. आत्ता वळलात ना सगळे?"

"हाक कसली डोंबलाची! मला तर वाटलं..." क्लाइव्ह पुन्हा सुरू झाला.

चौकशी घेणाऱ्या हेदरबाईंनी त्याच्याकडे न बघताच टेबलावर धाडकन हात मारला आणि ग्लेनिसकडे तोंड करून म्हणाल्या, "बोला, ग्लेनिस."

ग्लेनिस ताठ बसली. तिच्या खुणा सांगताना दुभाषीला हसू आवरेना.

"बाई, ओरडू नका. हळू हाक मारलीत तरी पोचते मला."