तारखेची भाकरी

केरबाचे शेवटचे वाक्य पुरते संपलेही नव्हते, तोच न्याययंत्राने निकाल दिला. बांधावरचा आंबा त्याच्या थोरल्या भावाचा, निवृत्तीचा ठरला.

निवृत्ती कोर्टाबाहेर येऊन नेहमीच्या कडुलिंबाखाली बसला. माणसे न्याय देत असताना हा दावा वर्षानुवर्षे चालला होता. गावात दोघे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नसत. पण तारखेच्या दिवशी पुकारा होईपर्यंत याच सावलीत बसत आणि निवृत्तीच्या डब्यातली भाकरी दोघांत मोडली जाई. आजही त्याच्या बायकोने सवयीने दोघांपुरते बांधून दिले होते. आता पुढची तारीख नव्हती.

"झाड तुझं झालं, दादा," केरबा म्हणाला. "चलतो मी."

"मग विहिरीवरून माझ्यावर दावा लाव की."

"लावीन. तू डबा उघडायच्या आत निकाल देईल ते मशीन."

"मग अपील कर."

"त्याचा निकाल झाकण लावायच्या आत!"

निवृत्तीला हसू आले नाही. त्याने फडक्याची गाठ सोडली.

"बस. तुझ्या वहिनीनं ठेचा दिलाय."

केरबा बसला. पूर्वी वकील खटला लांबवीत, तसे ते दोघे एकेक घास लांबवीत राहिले.