स्पष्ट वाचन

एस्तेर जन्मांध, जामखेडच्या शाळेत शिक्षिका. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, कृपादानने, अंधांसाठी मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. ते अजून बाजारात यायचं होतं.

"तुला काही इन्स्टॉल करायला नको. माझ्याच कॉम्प्युटरवर चालू ठेवतो, तू तिकडून लिंक उघड, माझ्या स्क्रीनवरचं तुला ऐकू येईल," तो पुण्याहून म्हणाला होता. सहा महिने ती रोज त्यातल्या चुका काढून देत होती.

आज फोन चालूच ठेवून तो चहा आणायला उठला आणि त्याच्या स्क्रीनवर उघडा राहिलेला त्याचा मेसेज सॉफ्टवेअर तिला वाचून दाखवू लागलं. "आई, एस्तेरला एवढ्यात सांगू नकोस. तिचं तपासून होऊ दे, मग लग्न मोडू."

एस्तेरने तो पुन्हा एकदा ऐकला.

"कुठं अडखळलं का गं?" परत आल्यावर कृपादानने फोनवर विचारलं.

"नाही. एकेक शब्द स्पष्ट वाचला," ती म्हणाली. "माझं तपासून झालं. आईला कळव."