सात चाळीसची बस

कंडक्टरने दुसऱ्यांदा घंटी मारली, तरी बस हलेना.

"साहेब, सात बेचाळीस झाले," तो मागून ओरडला.

"दिसतंय," ड्रायव्हर म्हणाला. तो घड्याळाकडे बघतच नव्हता. आरशात मावशी येताना दिसत होत्या, एक हात पिशवीला, एक गुडघ्याला, अर्धी चाल नि अर्धी धाव.

मावशी चढल्या, दांडा धरून जरा दम खाल्ला आणि त्याच्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर टेकल्या. "झालाच बघा उशीर."

"रोजचंच आहे. बसा."

"बस आहे की यांची घरची गाडी?" मागे कुणीतरी पुटपुटलं. ड्रायव्हरने गिअर टाकला. वर्षभर तो हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होता.

डेपोत त्याला मौनीबाबा म्हणत. मुळात तो तसा नव्हता. वरिष्ठांच्या नकला करून कँटीन डोक्यावर घेणारा माणूस. पण एकुलती एक मुलगी तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली आणि त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. कामावर वेळेत यायचा, बस नीट चालवायचा, घरी जाऊन पुढ्यात येईल ते जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. बायकोने काही विचारलं की मान हलवायचा. हळूहळू तिनेही विचारणं सोडलं.

मावशी पहिल्यांदा टाकीच्या स्टॉपवर धावत आल्या तेव्हा बस सुटली होती. का कोण जाणे, त्याने ब्रेक दाबला.

"देव तुमचं भलं करो," मावशी चढत म्हणाल्या. "गुडघ्याचे व्यायाम करायला जायचंय. दवाखान्याने आठची वेळ दिलीय. गुडघ्याला विचारून तरी द्यायची!"

त्याला हसू आलं. त्या दिवशी घरी हात पुसताना तो बायकोला म्हणाला, "आज टाकीच्या स्टॉपवर एका म्हातारीसाठी बस थांबवली." बायकोने वाढायला घेतलं. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवसापासून मावशींची टकळी मात्र रोज सुरू झाली. पाच स्टॉप, बारा मिनिटं. हो-नाहीवर त्यांचं भागत नसे.

"काल काय जेवलात?"

"आठवत नाही."

"मग आज लक्ष देऊन जेवा. उद्या विचारणार आहे."

त्या रात्री ताटावर बसल्यावर त्याने बायकोला विचारलं, "भाजी कसली आहे?" तिने सांगितलं. "मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. मावशींना काहीतरी सांगायला हवं होतं ना.

पुढे मावशींनी मुलीचं विचारलं. सिग्नल लाल होता. तो हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी ड्रायव्हर बोलतच होता. खेळातली बस मागे घेताना मुलगी कंडक्टरसारखी तोंडाने कशी शिट्टी वाजवायची, ते त्याने वाजवूनसुद्धा दाखवलं. त्या संध्याकाळी तीच शिट्टी त्याने घरीही वाजवली. बायको आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. दोघं पहिल्यांदाच एकत्र रडले.

आणि आता बदलीची ऑर्डर आली होती. एक तारखेपासून दुसरा मार्ग. सात चाळीसला येणारा नवा ड्रायव्हर घड्याळाचा गुलाम. बापासाठीसुद्धा थांबायचा नाही, असं सगळे म्हणत. मावशींना हे सांगायचं धाडस ड्रायव्हरला होईना. म्हातारीची बस रोज चुकणार, व्यायाम बुडणार, धावता धावता कुठेतरी पडणार. त्याच्या जिवाला घोर लागला.

सुट्टीच्या दिवशी तो सरळ दवाखान्यात गेला. मावशींची वेळ अर्ध्या तासाने पुढे करा, एवढंच सांगायचं होतं.

काउंटरवरच्या बाईने रजिस्टर चाळलं, पुन्हा चाळलं. "या आजी? यांना दहाच दिवस यायचं होतं. मागच्याच वर्षी संपलं की ते."

"अहो, त्या रोज येतात. मीच सोडतो त्यांना!"

"इथे नाही येत," ती म्हणाली.

मावशींची इमारत त्याला ठाऊक होती, त्यांनीच बसमधून दाखवली होती. तो जिना चढून गेला. दार उघडंच होतं. मावशी उंच स्टुलावर उभ्या राहून पडदा लावत होत्या. त्याला बघून टुणकन खाली उतरल्या आणि मग आठवण झाल्यासारखा हात गुडघ्यावर ठेवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "दवाखान्यात जाऊन आलोय."

मावशींनी हात काढला. "मग कळलंच असेल."

"वर्षभर जात कुठे होता तुम्ही?"

"कुठे जाणार? पाचव्या स्टॉपला उतरायचं, रस्ता ओलांडायचा, परतीची बस धरायची."

"आणि ते धावणं?"

"कोपऱ्यावरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहायचे. बस दिसली की निघायचं."

ड्रायव्हर दारातच उभा होता. राग यावा की हसू, त्याला कळेना. "पण का, मावशी? मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

मावशींनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसल्यावर म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यांदा बस थांबवलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई स्टॉपवरच्या चार म्हाताऱ्यांना विचारत विचारत माझ्यापाशी आली. म्हणाली, 'काल आमचे हे आठ महिन्यांनी घरात एक वाक्य बोलले, तेही तुमच्यामुळे. मावशी, तेवढा रोज उशीर कराल का?'"