कोरीव काम

"जपून आबा, पायरी आहे," म्हणत शिदूने आबांना हाताला धरून बंगल्याच्या दिवाणखान्यात आणलं.

पाथरवटकी करताना दगडाच्या कपच्या डोळ्यांत उडून आबांची दृष्टी गेली होती. त्या धास्तीनेच शिदूने छिन्नी टाकून रंगाचा ब्रश धरला. पण हे आबांना सांगायची छाती कधी झाली नाही. बंगल्यात संगमरवर कोरतोय, असंच तो सांगत राहिला. आज आबा हट्टाने लेकाचं काम 'बघायला' आले होते.

भिंतभर पऱ्या, गुबगुबीत मुलं, द्राक्षांचे घोस. नुसता पांढरा-राखाडी रंग, पण कोरल्यासारखा उठून दिसणारा. द्राक्षांच्या खाचांतली धूळ पुसायला कालच मालकीणबाईंनी फडकं मागवलं होतं!

आबांनी दोन्ही हात भिंतीला लावले. परीच्या नाकावरून, द्राक्षांवरून बोटं सरकत गेली, कुठेच अडली नाहीत. मग दगड पारखावा तशी त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली. आवाज चुन्याच्या गिलाव्याचा आला.



"दगड घासलायस छान," आबा हळूच म्हणाले. पिशवीतून आपली जुनी छिन्नी काढून त्यांनी चाचपडत त्याच्या हातात ठेवली. "कोरायला घेशील तेव्हा ही वापर."