अमेरिकन इंच

"ह्यो चौकोन पावणेचार भरतोय. हितं तर चारचा आकडा हाय," टेप उचलत गोदूबाई म्हणाली.

तिच्या शिलाई मशीनशेजारी चोवीस पानं डिंकाने जोडून पसरली होती. मनालच्या वलीम्याच्या, म्हणजे निकाहानंतरच्या दावतीच्या गाऊनचं पेपर कटिंग. होणाऱ्या नवऱ्याने ते कुवेतमध्ये बसून इंटरनेटवर पसंत केलं होतं आणि दर्शनने आपल्या सायबर कॅफेत छापलं होतं. छपाईचं माप ताडून बघायला पहिल्या पानावर चौकोन होता. पण कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून दर्शनने 'फिट टू पेज' दाबलं, आणि अख्खा गाऊन आकसला. दर्शनला कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं, असं निदान दर्शन तरी सांगायचा.

"मावशी, हा अमेरिकन इंच. तिकडचा लहान असतो," तो म्हणाला. वर त्या चौकोनाबरहुकूम एक कागदी टेपही आखून दिली.

मनालच्या आईला, कनीजला, हे लगेच पटलं. नव्या टेपने मुलीची कंबर मोजली. बत्तीस! कागदावर तीस.

"अवो, पोरीची कंबर तीसच हाय. कागद परत काढून आना," गोदूबाई कळवळून म्हणाली.

"अमेरिकेचा कागद चुकंल कसा? पोरगीच सुटलीय."

त्या दिवसापासून मनालचा भात बंद झाला. घर पाहुण्यांनी भरलेलं, मोठाल्या पातेल्यांतून बिर्याणी उतरतेय, आणि नवरी काकडी चावत बसलेली. किती उतरली ते बघायला कनीज तिला रोज दुपारी गोदूबाईकडे पाठवायची. पाचव्या दिवशी मनाल मशीनपाशीच भोवळ येऊन बसली.  गोदूबाईने मनातल्या मनात दर्शनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मनालला ताटभर भात नि बांगड्याचं कालवण वाढलं. पुढे रोजच वाढलं. गाऊन तिने आपल्या जुन्या टेपने, प्रत्येक तुकडा वाढवून बेतला.

तीन आठवड्यांनी कनीज बघायला आली. धाकटी कौसरही बरोबर होती. चेन सर्रकन वर गेली. गोदूबाईने कंबर मोजून दाखवली. तीस. टेप कुठली, हे विचारायचं कनीजला सुचलं नाही.

"दोन इंच उतरली!" तिचे डोळे भरून आले. मनाल खाली मान घालून हसत होती. गोदूबाईलाही बरं वाटलं. एक पोर उपासातून सुटली, लपवाछपवीचं सार्थक झालं.

कनीजने कौसरला पुढे ढकललं. "गोदूबाय, आता हिचं माप घ्या. त्याच कागदावर. हिचा भात आजपासून बंद."