नाव सांगा

"नाव?" चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तानुबाईच्या म्हाताऱ्या नवऱ्याला विचारलं.

"सांगा ना! मले घेता येते का तुमचं नाव?" तानुबाई वैतागली. "डॉक्टरसाहेब, गोड लघवीचा आजार हाय. वैद्यानं किती बजावलं, पण गूळ काही सुटत नाही. आता तर जेवले का नाही, तेही ध्यानात राहत नाही."

"साखरेचा हा आजार शिरांमधून डोक्यापर्यंत पोचतो, बाई. हं, नाव?"

नवरा नुसता हसला.

"मुद्दाम छळून राह्यले मले!" लग्नापासून उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव तानुबाई भडकून ओरडली, "पुंजाजी! घ्या, घेतलं एकदाचं! पुंजाजी!"

नवऱ्यानं वळून दाराकडे पाहिलं. अदबीनं बाकावर सरकून जागा केली.

"या पुंजाजी, बसा."