तिखट कानांचा

"काका, मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा पकडेल असा माईक आहे का तुमच्याकडे?"

एका दमात विचारून टाकलं तिने. मैत्रिणींनी पैजच लावली होती, दुकानात जाऊन असं विचारून दाखव, तर तू खरी. तिला वाटलं होतं, दुकानदार हसेल, नाहीतर खेकसेल. तसलं काही झालं नाही. बाहेर भरदुपारी अंधारून आलं होतं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. "आहे की," म्हणत त्याने काचेच्या कपाटातून बोटाएवढा बारीक माईक काढला. "वाजवणार काय?"

"खोका!" तिने बरोबर आणलेला लाकडी खोका थोपटला. "यावर बसायचं आणि हातांनी बडवायचं. शनिवारी शाळेच्या कार्यक्रमात. एकटी! आणि हे दोघं पहिल्या रांगेत, शेजारी शेजारी. नाहीतर मी वाजवणारच नाही, सांगून ठेवलंय."

बाबा हसले. आई पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

दुकानदाराने बारक्याशेजारी एक जाडजूड माईक ठेवला. "हा जरा बहिरा आहे. पुढ्यात येईल तेवढंच ऐकतो. स्टेजवर बहिराच कामाचा. तो बारका तिखट कानांचा. तुमच्या खोक्याबरोबर अख्खा हॉल ऐकत बसतो, आणि मग स्पीकरमधून नुसत्या शिट्ट्या."

"आधी तिखट!"

त्याने तो हातभर अंतरावर उभा केला, तिच्या कानांवर हेडफोन चढवले, एक बटण फिरवलं आणि दुसरी वायर शोधायला आत गेला. तिने मधोमध तळवा मारला. धम्. काठावर बोटं. टक. खोका जणू डोक्यातच वाजत होता.

"बाबा, माझी नखंसुद्धा ऐकू येतायत!"

बाबांनी लांबूनच अंगठा दाखवला. ते आणि आई स्पीकरांच्या रांगेपाशी पाठमोरे उभे होते. ती आता नुसती बोटं खेळवत होती, हळूहळू. तेवढ्यात हेडफोनमधून आई बोलली. अगदी कानाशी.

"शनिवारपर्यंत थांब म्हणजे झालं."

"थांबतोय ना. रविवारी सकाळी निघतो."

"आणि कपाट?"

"पुढचे शर्ट तसेच ठेवलेत. मागचं सगळं नेलं. तिच्या नाही लक्षात आलं."

"तिच्या काय लक्षात येणार. दिवसभर आपलं धम् टक, धम् टक." आई हसली की काय, ते कळलं नाही. "शेजारी बसावं लागेल."

"बसू. तासाभराचा तर प्रश्न आहे."

तिची बोटं थांबली नाहीत. थांबली असती तर दोघांनी वळून पाहिलं असतं. धम्. टक. धम्. टक. बाबांचा खोल श्वास ऐकू आला, पर्सची चेन ऐकू आली.

दुकानदाराने येऊन वायर बदलली, जाडा माईक खोक्याला जवळजवळ टेकवला. "आता हा."

तिने वाजवलं. खोका तेवढा ऐकू आला, भरीव आणि एकटा. तिकडे आईचे ओठ हलत होते. बाबा मान हलवत होते.

"लांबचं काही येत नाही ना?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

तिने हेडफोन काढले. कान गरम झाले होते. आई-बाबा जवळ आले, आले तेच हसत.

"मग? काय ठरलं मॅडमचं?" बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

"बहिरा," तिने ठणकावून सांगितलं. आवाज जरा मोठाच लागला. मग खाली वाकून ती खोका पिशवीत भरायला लागली. चेन अडकली होती, ती ओढत राहिली.

"आणि शनिवारी," वर न बघता ती म्हणाली, "तुम्ही शेजारी शेजारी नाही बसलात तरी मी वाजवणार आहे."